अंधुक तेजोमेघ नॅरोबँडमध्ये पकडायचेत? आधी ओ-थ्रीच्या तासांचा हिशोब करा

नॅरोबँड, म्हणजे ठरावीक रंगाचाच उजेड सोडणारे फिल्टर लावून फोटो काढणं, सुरू करताना बरेचजण एकदम तीन फिल्टरांचा सेट घेतात आणि मग एकाच रात्रीत तिन्हींचं थोडं थोडं करत बसतात, शेवटी एकही चॅनल (एका फिल्टरचं चित्र) धड होत नाही. माझं मत सरळ आहे, आधी एकटा एच-अल्फा (हायड्रोजनचा) घ्या, त्यावर हात बसला की ओ-थ्री (ऑक्सिजनचा), आणि एस-टू (सल्फरचा) सगळ्यात शेवटी, तो नाही घेतला तरी काही अडत नाही.

फिल्टर करतो काय तर तेजोमेघातला वायू ज्या ठरावीक तरंगलांबीला चमकतो तेवढीच बारीक फट उघडी ठेवतो, साधारण ३ ते ७ नॅनोमीटरची. हायड्रोजन ६५६.३ ला, ऑक्सिजन मुख्यतः ५००.७ ला, सल्फर ६७१.६ आणि ६७३.१ अशा जोडीला. दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच राहतो म्हणून शहराच्या गच्चीवरूनही जमतं. पण हे स्वतः चमकणाऱ्या वायूपुरतंच हं. कृत्तिकेभोवतीची निळी धूळ नुसता ताऱ्यांचा उजेड परावर्तित करते, तिथे नॅरोबँड लावून हाती काही लागत नाही.

उजेड जास्त असेल तर ३ नॅनोमीटर चांगला, फक्त दुर्बीण एफ/२ सारखी फास्ट (फोकल लेंथच्या मानाने रुंद तोंडाची) असेल तर सांभाळून, कारण किरण तिरके आत येतात आणि फिल्टरची फट निळ्याकडे सरकते, मग नेमकी हवी ती रेषाच कापली जाते. अशा दुर्बिणींसाठी वेगळे फिल्टर मिळतात, तेच घ्या. कॅमेरा मोनो (कृष्णधवल) आणि कूल्ड (सेन्सर थंड ठेवणारा) असेल तर उत्तम. कलर कॅमेऱ्यावर ड्युअल बँड (एच-अल्फा आणि ओ-थ्री दोन्ही सोडणारा) फिल्टर लावूनही छान काम होतं, फक्त चारातला एकच पिक्सेल लाल असल्याने एच-अल्फा तेवढ्यावरच गोळा होतो. साध्या डीएसएलआरमध्ये मात्र कंपनीचा आतला फिल्टरच एच-अल्फाचा मोठा हिस्सा खातो.

आता रात्रीचं काम. पोलर अलाइनमेंट (दुर्बिणीच्या स्टँडचा अक्ष ध्रुवाकडे लावणं) आणि गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीची दिशा सतत दुरुस्त करणं) नीट हवंच, त्यावर जास्त लिहीत नाही. फोकस फिल्टर लावून करा आणि तापमान उतरलं की परत करा. फ्रेमिंगला प्लेट सॉल्व्हिंग (फोटोतल्या ताऱ्यांवरून दिशा ओळखणारं सॉफ्टवेअर) वापरा, कारण अंधुक ऑब्जेक्ट एका फ्रेममध्ये दिसतच नाही. पाच मिनिटांची ओ-थ्रीची एक फ्रेम उघडून कितीही स्ट्रेच केली (अंधुक भाग उजळवला) तरी तारे, चार हॉट पिक्सेल (सेन्सरचे उगाच चमकणारे ठिपके) आणि सपाट करडा पडदा, बस. हिस्टोग्राम डाव्या भिंतीला चिकटलेला. घाबरून गेन (कॅमेऱ्याची सिग्नल मोठा करण्याची सेटिंग) वाढवू नका, नॅरोबँडमध्ये आकाशच इतकं काळं येतं की कॅमेऱ्याचा रीड नॉइज (प्रत्येक फ्रेम वाचताना मिसळणारा गोंधळ) वर डोकं काढतो, म्हणून एक्सपोजर लांब ठेवायचं, एफ/५ च्या आसपास ५ ते १० मिनिटं, एफ/२ ला दोनतीन मिनिटंही पुरतात. आकाशाचा उजेड रीड नॉइजच्या बराच वर गेला की त्यापुढे एकेक फ्रेम लांबवून फारसा फायदा नाही, एकूण तास वाढवा. आणि तासांचं गणित निर्दयी आहे, सिग्नल-टू-नॉइज (खऱ्या उजेडाचं नॉइजशी प्रमाण) दुप्पट हवा तर वेळ चौपट, ४ तासांचे १६.

म्हणूनच चंद्र बघून प्लॅन करा. चांदण्याचा निळा-हिरवा भाग हवेत जास्त विखुरतो, ओ-थ्रीला त्याचा फटका बसतो, एच-अल्फा बऱ्यापैकी तग धरतो. तेव्हा चांदण्या रात्री एच-अल्फाला द्या आणि अमावस्येच्या आसपासच्या, ऑब्जेक्ट डोक्यावर असतानाच्या वेळा फक्त ओ-थ्रीसाठी राखून ठेवा. या एका सवयीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या फिल्टरनेही पडत नाही. सुरुवातीला रोझेट किंवा एनजीसी ७००० (नॉर्थ अमेरिका) हे तेजोमेघ घ्या, मग व्हेल (Veil, पडद्यासारखा तेजोमेघ). स्क्विड, म्हणजे ओयू४, जवळजवळ नुसता ओ-थ्री आहे, निकोला उटेर या फ्रेंच हौशी निरीक्षकाने २०११ मध्ये तो शोधला, त्याच्यामागे लागायचं तर एकाच ऑब्जेक्टला कितीतरी रात्री द्यायची तयारी हवी.

दर दोनतीन फ्रेमनंतर डिदर करा (दुर्बीण किंचित सरकवा), नाहीतर स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम एकत्र केलेल्या चित्रात) तिरप्या रेघोट्या येतात आणि त्या नंतर काही केल्या जात नाहीत. फ्लॅट्स (सारख्या उजळ पृष्ठाचे, धूळ-कडांची सावली काढायला) प्रत्येक फिल्टरचे वेगळे, डार्क्स (झाकण लावून घेतलेले) त्याच तापमानाचे आणि तेवढ्याच एक्सपोजरचे.

प्रोसेसिंगला सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. ग्रेडियंट (आकाशाचा असमान उजेड) काढा, तारे वेगळे करा, मग प्रत्येक चॅनल स्वतंत्र स्ट्रेच करा, कारण एच-अल्फा इतका दांडगा असतो की ओ-थ्रीला बोलूच देत नाही. हबल पॅलेटमध्ये सल्फर लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. दोनच फिल्टर असतील तर एच-अल्फा लाल आणि ओ-थ्री हिरव्या-निळ्या दोन्हींत टाका. तारे गुलाबी-जांभळे झाले तर थोडा वेळ साध्या आरजीबीत (लाल-हिरवा-निळा) फक्त ताऱ्यांसाठी घ्या. डीनॉइज (नॉइज पुसणं) मात्र बेतानेच, जोरात चालवलं की नसलेले धागे उगवतात.

शंका आली की सम आणि विषम फ्रेम्सचे दोन वेगळे स्टॅक करा, एखादा पुसट धागा एकातच दिसला तर तो नॉइज समजा. दोन्हीत दिसला पण ठळक ताऱ्याभोवती गोल असेल तर बहुतेक फिल्टरचं रिफ्लेक्शन आहे, तो तारा फ्रेममध्ये जरा सरकवून परत घ्या, बाकीच्या ताऱ्यांच्या मानाने त्या वर्तुळाची जागा किंवा आकार बदलला तर लगेच कळतं.