साहित्य शिकायला वर्षभर ब्रिटनला जायचंय? तयारी अशी करा

ब्रिटनमध्ये साहित्याचं एम.ए. एका वर्षात होतं. आपल्याकडे दोन वर्षं लागतात, म्हणून हे फार सोयीचं वाटतं. पण हिशेब मांडून पाहा. सप्टेंबरच्या शेवटी वर्ग सुरू होतात, साधारण 10-10 आठवड्यांची दोन सत्रं होतात, वसंतात शिकवणं आटोपतं आणि उन्हाळ्यात 12 ते 15 हजार शब्दांचा प्रबंध लिहायचा असतो. वर्गात बसण्याचे आठवडे जेमतेम 20. ‘तिथे गेल्यावर वाचू’ म्हणणाऱ्याचं वाचन होत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. त्यामुळे निघण्याच्या 15 महिने आधी कामाला लागा.

आधी प्रश्न, मग विद्यापीठ

विद्यापीठांच्या क्रमवारीची यादी बाजूला ठेवा आणि तुम्हाला नेमकं काय शोधायचंय ते एका वाक्यात लिहा. ‘मला साहित्याची आवड आहे’ एवढ्याने भागत नाही. अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे मराठीत लिहायचे, इंग्रजीतही लिहायचे. भाषा बदलल्यावर त्यांच्या कवितेतली मुंबई बदलते का? असा प्रश्न हाताशी असला की विभाग निवडणं सोपं जातं. तिथे भाषांतर शिकवतात का, दक्षिण आशियावर काम करणारं कुणी आहे का, हे विभागाच्या पानावरच्या विषयांच्या यादीत दिसतं. लंडनचं सोआस (SOAS) हे विद्यापीठ आशिया आणि आफ्रिकेच्या अभ्यासासाठीच ओळखलं जातं. मध्ययुगीन इंग्रजी काव्य हवं असेल तर दुसरीकडे बघा.

शिष्यवृत्तीची तारीख प्रवेशाच्या आधी येते

इथेच पुष्कळांची गाडी चुकते. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर चिव्हनिंगचा, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचा, अर्ज या वर्षीच्या ऑगस्टपासूनच भरायला घ्यावा लागतो. त्यासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, रेडिंग आणि सोआससाठी आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे; तिची जाहिरात आली की त्याच आठवड्यात कागद जमवायला घ्या. 1892 साली सुरू झालेला जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. ती परत फेडायची असते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कागदपत्रं

ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे तुमच्या विद्यापीठाकडून मिळणाऱ्या सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज सगळ्यात आधी करा. विद्यापीठाच्या खिडकीवर किती दिवस जातील याचा भरवसा नसतो. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना निदान दोन महिने आधी भेटा, आणि जाताना तुमचा एखादा जुना निबंध सोबत न्या. नाहीतर ‘विद्यार्थी हुशार व मेहनती आहे’ एवढंच पत्र मिळतं, आणि त्याचा उपयोग होत नाही.

एसओपीत, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचाय ते सांगणाऱ्या निवेदनात, बालपणीच्या गोष्टीवेल्हाळ आजीपासून सुरुवात करू नका. वर ठरवलेला प्रश्न पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. लेखनाचा नमुना मागितला असेल तर अख्ख्या कादंबरीचा आढावा घेऊ नका. तिच्यातली दोन पानं घ्या आणि तीच बारकाईने उलगडा.

वाचनाची सवय बदला

खरी तयारी ही. आपल्या परीक्षांनी आपल्याला समीक्षकांची मतं लक्षात ठेवायला शिकवलं. तिथे सेमिनारमध्ये 12-15 जण टेबलाभोवती बसतात आणि ‘या ओळीत हाच शब्द का?’ असं विचारलं जातं. पहिल्या दिवशी माझ्याकडे चार समीक्षकांची मतं होती, स्वतःचं एकही नव्हतं. म्हणून रोज एक कविता घ्या, गाइड मिटून ठेवा आणि तिच्याबद्दल एक पान स्वतः लिहा. आठवड्यातून एकदा मित्रमैत्रिणींसमोर ते मोठ्याने वाचा आणि त्यांना आक्षेप घेऊ द्या. मुख्य विषयाच्या जाड कादंबऱ्या मे ते ऑगस्टमध्येच संपवा. टिपण काढताना पान क्रमांक आणि आवृत्तीचं साल तिथल्या तिथे लिहा. दुसऱ्याचं वाक्य संदर्भ न देता वापरणं तिथे गंभीर गुन्हा मानतात.

मराठी वाचन मात्र सोडू नका. ओव्या, अभंग, दलित आत्मकथनं तुम्ही मुळातून वाचू शकता. वर्गातल्या इतरांकडे बहुधा फक्त भाषांतर असेल.

व्हिसा

फी आणि राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते. मधे एक दिवस जरी ती कमी झाली तरी मोजणी पहिल्यापासून. मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी करून घ्या. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार व्हिसाच्या शुल्काव्यतिरिक्त भरावा लागतो, तो बजेटमध्ये धरा.

बॅग भरताना

इंग्रजी पुस्तकं नेऊ नका, ती तिथल्या ग्रंथालयात मिळतील. त्या जागेत प्रबंधाला लागतील ती मराठी पुस्तकं आणि एक चांगला मराठी-इंग्रजी शब्दकोश ठेवा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जुनी मराठी छापील पुस्तकं आहेत. तिथल्या वाचन कक्षात बसायला रीडर पास लागतो, त्यासाठी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतात. खोलीचा करार हातात आला की पहिल्याच आठवड्यात तो पास काढून घ्या.