मावळतीनंतर जीवामृताच्या ड्रमला हवा कोण देतं?

मृग लागला की फोन सुरू होतात : "जीवामृत दिलं आणि मिरचीची रोपं पिवळी पडली." जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ-बेसन ड्रममध्ये मुरवून पिकाला द्यायचं पाणी. मी पहिल्यांदा एवढंच विचारतो, रात्री ड्रमला हवा होती का? उत्तर ठरलेलं : "सोलरवर आहे ना!"

सोलरवर आहे म्हणूनच विचारतो. पॅनेलची वायर थेट हवेच्या पंपाला जोडली असेल तर दिवेलागणीला बुडबुडे थांबतात ते उजाडेपर्यंत. ड्रममध्ये गूळ-बेसन ताजं असतं आणि पहिल्या दोन रात्री जिवाणूंची भूक सगळ्यात मोठी. पाण्यातला प्राणवायू ते काही तासांत फस्त करतात. पाणी जितकं गरम तितका तो मुळात कमी : २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मग बिनहवेचे जिवाणू माजतात आणि ड्रम सडतो. पावसाने आधीच गच्च झालेल्या वाफ्यात हे पाणी ओतलं की कोवळी मुळं तपकिरी पडतात. मागच्या पावसाळ्यात असे तीन वाफे गेलेले पाहिले. त्यातला एक माझाच.

२०० लिटरचा ड्रम, सावलीत :
– ताजं देशी गाईचं शेण १० किलो
– गोमूत्र ५ ते १० लिटर
– काळा गूळ २ किलो
– बेसन २ किलो
– बांधावरची मूठभर माती
– बाकी पाणी
– तोंडाला गोणपाट
– ४८ तासांनी तयार, सात दिवसांत संपवा

आता रात्रीचा हिशेब. ५ वॅटचा पंप बारा तास चालवायला ६० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ असतात, पण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे हाताशी ४२, पहाटेच्या आधीच खेळ संपला. १२ अँपिअर-तासांची घ्या, रात्र निघते. ४० वॅटचं पॅनेल उघड्या उन्हात दिवसाची गरज भागवतं. पण मृग-आर्द्रात आभाळ भरलं की ते पाव हिश्शावर येतं, कधी त्याहूनही खाली. म्हणून या महिन्यात सोलर असो वा नसो, झोपायच्या आधी आणि पहाटे उठल्या उठल्या काठीने पाच-पाच मिनिटं ढवळाच. शेतीच्या थ्री फेज विजेची वाट बघत बसू नका.

पंप बंद पडला की आणखी एक घोटाळा होतो. ड्रममधलं पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं आणि सकाळी पंप जळालेला सापडतो. पंप ड्रमच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा. नळीत एकमार्गी वॉल्व्ह टाका, काही रुपयांचा असतो. १२ व्होल्टच्या पॅनेलमधून उन्हात काही न जोडता २१-२२ व्होल्ट निघतात, म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर (व्होल्टेज आवरणारी डबी) हवाच. मासे पाळायच्या टाकीतला बुडबुडे सोडणारा छोटा हवादगड शेणाने दोन दिवसांत बुजतो; त्यापेक्षा ठिबकच्या १६ मिमी नळीचा तुकडा घ्या, टोक बंद करा आणि तापल्या सुईने भोकं पाडा. शेण गोणपाटात बांधून सोडलं तर भोकं टिकतात.

सौर कृषी पंपाच्या पॅनेलला टॅप मारून हवेचा पंप चालवू नका. तिथे पॅनेलं एकापुढे एक जोडलेली असतात, व्होल्टेज जीव घेण्याइतकं असतं.

दुकानदार याच दिवसांत 'ऑक्सिजन पावडर' आणि हजाराची कल्चरची बाटली गळ्यात मारतो. ड्रमला हवा नसेल तर त्या बाटलीतले हवेवर जगणारे जिवाणूही तगणार नाहीत. शेणात काय कमी जिवाणू आहेत? पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, १८-२० अंश कलतं ठेवा आणि आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा, याला पैसे लागत नाहीत.

द्यायचं कसं :
– पाण्यासोबत एकरी २०० लिटर
– महिन्याच्या पिकावर फवारणी : १०० लिटर पाण्यात ५ लिटर, गाळून
– ठिबकमधून : दोनदा कापडाने गाळून, नंतर साधं पाणी
– कोथिंबीर, मेथी, पालक यांच्या पानांवर नको. गुळावर शेणातले अपायकारक जंतूही पोसतात
– तणनाशकाचा जुना ड्रम कधीच नको. २,४-डीचा अंशही कपाशीची पानं वाकडी करतो

आणि यावर खत बंद करू नका. एका ड्रममधल्या नत्राचा हिशेब मांडला तर तो पाव किलोच्या आसपास भरतो. शेणखत लागतंच.

ओळखायचं कसं, तर नाकाने. चांगल्या ड्रमला आंबट ताकाचा, थोडा गुळचट वास येतो. फेस सकाळी पूर्ण बसलेला दिसला की रात्री हवा अडली, असा माझा अंदाज; शास्त्रात लिहिलेलं नाही, पण फारसा चुकलेला नाही. गटाराचा किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर चार दिवसांची मेहनत म्हणून हळहळू नका. तो ड्रम पिकाला नाही, उकिरड्यावर ओता, काडीकचरा कुजायला चालतो. ड्रम घासून उन्हात पालथा घाला आणि नव्याने भरा.