कॅमेऱ्यातलं सिम कोण रिचार्ज करणार?

शेतात सिमवाला कॅमेरा लावणार असाल तर पहिलं काम हे: त्यात जे सिम टाकणार त्याचा पॅक कधी संपतो, ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायची. बाकीची यादी खाली आहेच. मागच्या रब्बीत मी ती सगळी केली आणि एवढं एकच केलं नाही, म्हणून हे आधी.

आमचा मका शिरपूर तालुक्यात, अनेरच्या अंगाला. वर सातपुडा. कणीस दुधात आलं की डुकरं उतरतात, आणि एका रात्रीत जेवढं खातात त्याच्या चौपट आडवं करतात. रोज जागलीला जायचं वय माझं राहिलं नाही आणि सालदार एकटा किती जागणार, म्हणून कॅमेरा आणला. जनावर समोरून गेलं की फोटो निघतो, मिनिटभरात मोबाईलवर येतो, मी सालदाराला फोन करतो, तो बॅटरी आणि फटाके घेऊन निघतो. जनावराला पळवायचं, बस. रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. आणि कुंपणात करंट सोडायचा विचारही करू नका, त्यात डुकराआधी माणूस मरतो.

कॅमेरा घेताना तो 4जीचा आहे ना आणि आपल्याकडच्या बँडवर (मोबाईलच्या लहरींच्या पट्ट्यावर) चालतो ना, एवढं दुकानदाराकडून लिहून घ्या. अमेरिकेसाठी बनवलेले कॅमेरे स्वस्तात मिळतात, पण त्यांचे बँड तिकडचे असतात. इकडे जिओचं 4जी 3, 5 आणि 40 या बँडवर आहे. जुना 2जी कॅमेरा कोणी गळ्यात मारत असेल तर त्यात जिओचं सिम चालणारच नाही, कारण जिओकडे 2जी नाहीच. रात्रीच्या लाइटचंही विचारा. 850 नॅनोमीटरवाली अंधारात लालसर चमकते, 940 वाली दिसत नाही. डुकराला फरक पडत नाही, चोराला पडतो.

सिम आधी आपल्या फोनमध्ये घालून नेट चालवून बघा. पिनचं लॉक असेल तर काढा, बऱ्याच कॅमेऱ्यांना पिन टाकता येत नाही. आणि आता नीट ऐका. पॅक संपत आला की कंपनी मेसेज पाठवते. कुठे? त्याच सिमवर. ते सिम निंबाच्या खोडाला बांधलेल्या डबीत असतं. ‘तुमचा पॅक उद्या संपतोय’ हा मेसेज माझ्या निंबाला वेळेवर मिळाला होता, मला नाही. संक्रांतीला, 14 जानेवारीला मी 28 दिवसांचा पॅक मारला आणि डोक्यात महिना धरून बसलो. पॅक 10 फेब्रुवारीला संपला. 28 दिवस म्हणजे महिना नव्हे, वर्षाला 12 नाही, 13 रिचार्ज लागतात. शक्य असेल तर 84 दिवसांचा नाहीतर वर्षाचाच मारा. काही कॅमेऱ्यांना सिमचा पॅक वेगळा आणि ॲपचं भाडं वेगळं असतं. मग तारखाही दोन, दोन्ही लिहा.

जागा निवडताना फोनवर काड्या बघून खूश होऊ नका. ज्या खोडाला बांधणार तिथे उकिडवं बसून, गुडघ्याच्या उंचीवर फोन धरून एक फोटो कोणाला तरी पाठवा. गेला तर जागा बरी. मका घोट्याएवढा असताना गेलेला फोटो मका डोक्यावर गेल्यावर अडकू शकतो, म्हणून अँटेनाची लांब वायर घ्या आणि अँटेना वर फांदीला बांधा. वानरं ती ओढतात, वायर खोडाला घट्ट आवळा. कॅमेरा मात्र खालीच, गुडघ्याएवढा. छातीच्या उंचीवर लावला की डुकराची पाठ सुद्धा धड येत नाही. तोंड उत्तरेला. पूर्वेला किंवा पश्चिमेला केलं की सकाळ-संध्याकाळ ऊन थेट भिंगात.

समोरचं गवत, लोंबणारी फांदी, मक्याचं पान, सगळं दहा-बारा पावलांपर्यंत साफ करा. सेन्सरला हलती उष्णता कळते, आणि उन्हात तापलेलं पान वाऱ्याने हललं की त्याला ते जनावरच वाटतं. 2018 च्या वाघगणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते, त्यात सुमारे 3.49 कोटी फोटो निघाले आणि वाघ होता फक्त 76,651 फोटोंत. त्यांच्याकडे छाटायला माणसं आणि कॉम्प्युटर होते. आपल्याकडे रोजचा डेटा ठरलेला, तो पानांनी संपवला तर रात्री डुक्कर आलेलं कळणार नाही.

आणि रिचार्ज. पुन्हा सांगतो, कारण फसवणूक कुठे होते ते सांगायचं राहिलं. पॅक संपला की कॅमेरा ओरडत नाही, गप्प होतो. मोबाईल गप्प, म्हणजे डुकरं येत नाहीत, असा मी अर्थ काढला. बांधावर जुन्या साड्या बांधल्या होत्या, तर त्या साड्यांचं कौतुक मी पारावर बसून गावभर केलं. सहा दिवस. सातव्या दिवशी सकाळी सालदार दारात. ‘भाऊ, रातले डुकरं उनथात. मोबाइलमा काहीच नही उनं का?’ जाऊन पाहिलं तर तीस गुंठे आडवा, अर्धवट चावलेली कणसं चिखलात, ठिबकच्या नळ्या उपसलेल्या. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. त्यात सगळं होतं. रात्री 1 वाजून 52 मिनिटांपासून, पिल्लांसकट अकरा डुकरं, तारीख-वेळेसह. कॅमेऱ्याने काम केलं होतं, पाठवायला पैसे नव्हते.

म्हणून यावर उपाय: सेटिंगमध्ये रोज दुपारी 12 ला एक फोटो आपोआप पाठवायची सोय असते, ती चालू करा. कोणी येवो न येवो, रिकाम्या बांधाचा एक फोटो रोज आलाच पाहिजे. नाही आला तर त्याच दिवशी शेतात जायचं. उद्या नाही. पॅक, बॅटरी, चोरी, जे काही झालं असेल ते त्याच दिवशी कळतं.

कॅमेऱ्यातली तारीख-वेळ नीट लावा, तारीख आधी की महिना आधी तेही बघा. नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे 3 दिवसांच्या आत द्यायचा असतो. भरपाई पंचनाम्यावरच मिळते, पण सोबत फोटो असला की ‘ही गुरं कशावरून नाहीत’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. बिबट्या दिसला तर फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका, गर्दी होते. वनखात्याच्या 1926 ला फोन करा.

सेल अल्कलाइन किंवा लिथियम. चार्जिंगचे 1.2 व्होल्टचे, काही कॅमेरे ते पहिल्याच दिवशी संपले म्हणतात. सोलर पॅनल घेतलंत तर धूळ पुसा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. साखळी-कुलूप लावा, मागचा आयएमईआय, म्हणजे कॅमेऱ्याचा ओळख नंबर, लिहून ठेवा. कॅमेरा आपल्याच बांधावर. जंगलात परवानगीशिवाय नाही, आणि पाऊलवाटेकडे किंवा विहिरीकडे तोंड करून तर नाहीच, बायाबापड्या ये-जा करतात. मुंग्या आत जातात, झाकणाचं रबर बघा. मे महिन्यात काढून घरात आणा, 45 डिग्रीत डबीतले सेल खराब होऊ शकतात.

यंदा मी 12 नोव्हेंबरला 84 दिवसांचा पॅक मारलाय. संपतो 3 फेब्रुवारीला, म्हणजे नेमकं कणीस दुधात यायच्या तोंडावर. कॅलेंडरवर लिहिलंय, सालदाराच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिलंय, आणि पोरीला सांगून ठेवलंय की 1 तारखेलाच मार, माझ्यावर सोडू नको.