फॉर्म भरले, मग नावं कुठे गेली? मतदार नोंदणीतल्या या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की पक्षाच्या ऑफिसात नवी पोरं येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, दिवसाला किती फॉर्म भरायचे?" तिथेच माझं डोकं फिरतं. गठ्ठ्याचा फोटो ग्रुपवर टाकला की काम फत्ते, असं वाटणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिसेल त्याचा फॉर्म ६ भरणं. फॉर्म ६ पहिल्यांदा मतदार होणाऱ्याचा. नाव आधीच कुठल्याही यादीत असेल आणि माणूस राहायला दुसरीकडे आला असेल, तर फॉर्म ८. पूर्वी मतदारसंघ बदलला की ६ च भरायचा. २०२२ मध्ये ते बदललं, पण जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडातून ६ काही जात नाही.

हडपसरच्या एका सोसायटीत आम्ही रविवारी टेबल टाकलं होतं. दोन तासांत ४३ फॉर्म, पोरं खूश. मी सहज एका काकांना विचारलं, "गावाकडे नाव आहे का?" "आहे की! दर वेळी जातो मतदानाला." पोटात गोळा आला. एकेकाला परत विचारलं, तर २६ जणांची नावं गावच्या यादीत. आणि फॉर्मवर सही कशाखाली? 'माझं नाव कुठल्याही मतदारसंघात नाही' याखाली. खोट्या माहितीला १९५० च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे, आणि सही काकांची आहे, तुमची नाही. ते २६ फॉर्म तिथेच फाडले. पोरं दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीत.

फॉर्म ८ भरला की गावचं नाव जातं, हेही आधी सांगा. "मग ग्रामपंचायतीला चुलत्याला मत कोण देणार?" असं म्हणून निम्मे लोक मागे फिरतात. फिरू द्या. मी तर फॉर्म पिशवीतच ठेवतो. आधी विचारतो, "शेवटचं मतदान कुठे केलं?" मग निवडणूक आयोगाच्या ॲपवर नाव शोधतो, त्यानंतर कागद बाहेर काढतो.

दुसरी चूक माझी स्वतःची. पहिल्या वर्षी घाईत १९ फॉर्मवर माझाच मोबाइल नंबर टाकला. पडताळणीला निघालेल्या बीएलओ (बूथपुरती मतदार यादी सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचारी) बाई, जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, शाळा सुटल्यावर उन्हात दारोदार फिरत मला फोन करत होत्या: "अहो, या घराला कुलूप आहे!" कुठलं घर, कोण माणूस, मला काही आठवेना. बरेच अर्ज फेटाळले गेले. आता नंबर घरातल्याच कोणाचा तरी टाकतो आणि अर्जाचा क्रमांक त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहूनच उठतो. पावती हरवते, कॅलेंडर नाही. आणि बीएलओंना शाळेच्या वेळात फोन करू नका.

मतदार कार्ड आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं नसतं. १३ मे २०२४ ला लोकसभेच्या मतदानाला एक आजी लॅमिनेट केलेलं कार्ड घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. त्या दिवशी काहीच करता येत नाही.

अठरा पूर्ण व्हायची वाट बघू नका. सतराव्या वर्षानंतर आगाऊ अर्ज चालतो, आणि अठरा पूर्ण झाली का हे बघायला आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या १ तारखा धरतात.

पक्षाचा बूथ एजंट बीएलओकडे दिवसाला दहाच फॉर्म देऊ शकतो. शेवटच्या आठवड्यात दोनशेचा गठ्ठा नेऊन हुज्जत घालू नका.

उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी दहा दिवस उरले की त्या निवडणुकीपुरतं दुकान बंद समजा.

फॉर्म ७ यादीतून नाव काढायचा. 'तो विरोधकांचा आहे, फॉर्म ७ टाक' असं सांगणाऱ्याबरोबर मी चहासुद्धा पीत नाही.