‘सर, आमचं पटत नाही’: पेअर प्रोग्रॅमिंगमध्ये या चुका टाळा

मशीन कमी पडली की लॅबमध्ये दोघांना एका पीसीवर बसवलं जातं. एक टाइप करतो, दुसरा तेवढ्यात जर्नल उतरवून घेतो. हे पेअर प्रोग्रॅमिंग नव्हे. त्यात कीबोर्ड ज्याच्या हाती तो ड्रायव्हर आणि शेजारी बसून प्रत्येक ओळ तपासणारा, पुढचा विचार करणारा तो नेव्हिगेटर. दोघांचं डोकं एकाच कोडवर चालतं आणि भूमिका ठरावीक वेळाने बदलतात.

जोडी फिसकटली की तक्रार ठरलेली असते: स्वभाव जुळत नाही. पण बहुतेक वेळा बिघाड स्वभावात नसतो, जोडी लावण्यात आणि बसवण्यात असतो. आधी तो शोधा.

चूक १: स्वभावाची चाचणी घेऊन जोड्या लावणे

ऑनलाइन चाचणीवरून अबोल मुलाला बोलका जोडीदार द्यायचा, हे ऐकायला छान वाटतं. या प्रश्नावर संशोधन झालेलं आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटनमधले १९६ व्यावसायिक प्रोग्रामर घेतले होते. त्यात स्वभावापेक्षा कौशल्य आणि कामाची काठिण्यपातळी यांचा प्रभाव जास्त दिसला. विद्यार्थ्यांबाबत ऑकलंड विद्यापीठात नोरसरेमाह सालेह, एमिलिया मेंडेस आणि जॉन ग्रंडी यांनी प्रयोग केले. जोडीतल्या मुलांच्या शिस्तशीरपणाचा गुणांवर ठळक परिणाम आढळला नाही. नवीन कल्पना स्वीकारण्याच्या वृत्तीचा मात्र आढळला. म्हणून चाचणीचा कागद बाजूला ठेवा आणि कोण किती कोड लिहू शकतो ते पाहा.

चूक २: रोल नंबरने, मैत्रीने किंवा ‘हुशार अधिक कच्चा’ अशी जोडी

हुशाराला कच्च्याशी बांधलं की हुशार सगळं टाइप करतो आणि कच्चा मान डोलावतो. त्याऐवजी टर्मच्या सुरुवातीला २० मिनिटांचे दोन छोटे प्रोग्राम सोडवून घ्या. गुणांनुसार यादी लावा आणि लागून असलेल्यांची जोडी करा: १-२, ३-४, ५-६. अंतर थोडं असलं की दोघेही विचारतात आणि दोघेही सांगतात. दर तीन-चार आठवड्यांनी जोड्या बदला.

आपल्याकडची एक खास अडचण इथेच सांगायला हवी. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला मुलगा काही वेळा वयाने मोठा असतो आणि कोडिंगचा सरावही त्याला जास्त असतो. त्याला सगळे ‘दादा’ म्हणतात, आणि ‘दादा, तुमचा लूप एकदा जास्त फिरतोय’ असं म्हणायला धाकट्याची जीभ रेटत नाही. चूक दिसते, पण तोंडातून निघत नाही. उपाय सोपा आहे: सुरुवातीला धाकट्याला ड्रायव्हर करा, म्हणजे समजावून सांगण्याचं काम दादाकडे येतं. भूमिका बदलली की धाकट्याने चूक सांगायची नाही, प्रश्न विचारायचा: ‘दादा, इथं लूपचा आय (i) एनच्या (n) बरोबरीला का जातोय?’ मान राहतो आणि चूकही सापडते.

चूक ३: कीबोर्ड न सोडणे

सगळ्यात जास्त जोड्या इथेच मोडतात. ‘थोडंच राहिलंय, होऊ दे’ म्हणता म्हणता तास संपतो. दोन तासांच्या प्रॅक्टिकलची वाटणी अशी करा: पहिली १५ मिनिटं दोघांनी मिळून प्रश्न वाचायचा आणि कागदावर आकृती काढायची. नंतर १५-१५ मिनिटांच्या सहा फेऱ्या. शेवटची १५ मिनिटं प्रत्येकाने एकट्याने त्याच कोडमध्ये एक छोटा बदल करून दाखवायचा. मोबाइलवर टायमर लावा. टायमर वाजला की ओळ अर्धी असली तरी हात उचलायचे.

बसणंही तपासा. मॉनिटर दोघांच्या मधोमध हवा, अक्षर १६ ते १८ पॉइंटचं हवं. जागा बदलू नका, कीबोर्ड सरकवा. उठावं लागलं की मुलं कंटाळा करतात.

चूक ४: गप्प नेव्हिगेटरला ‘बोल की’ म्हणत राहणे

अबोल मुलाला बोलायला मुद्दा हवा असतो. त्याच्या हातात पेन द्या. लिंक्ड लिस्टमधून, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोंदींच्या यादीतून, नोड (एक नोंद) काढायचा असेल तर त्याने तीन प्रसंग लिहून ठेवायचे: यादी रिकामी आहे, पहिलाच नोड काढायचा आहे, शोधलेली किंमत यादीतच नाही. ड्रायव्हरचा कोड यातल्या प्रत्येक प्रसंगी काय करेल, हे त्याने विचारायचं. पहिला नोड काढताना हेड (यादीची सुरुवात दाखवणारा पॉइंटर) पुढे सरकवायचा राहतो, आणि ती चूक बहुधा कागद धरून बसलेल्यालाच दिसते.

आणि चर्चा मराठीतच होऊ द्या. ‘हा पॉइंटर कामून नल केलास?’ असं सहज विचारणारा मुलगा इंग्रजीची सक्ती केली की मुका होतो. मग आपण त्याला लाजाळू ठरवून मोकळे होतो.

चूक ५: प्रत्येक टायपोवर बोट ठेवणे

ही उलट बाजू. पटकन घाबरणारा ड्रायव्हर शेजारच्याने सेमिकोलन दाखवला की आणखी चुकतो. नेव्हिगेटरने ओळ पूर्ण होईपर्यंत थांबायचं. कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) जे सांगणारच आहे ते कंपायलरला सांगू द्यावं. नेव्हिगेटरचं लक्ष तर्कावर हवं.

चूक ६: सोप्या कामाला जोडी, आणि दोघांना सरसकट सारखे गुण

सरासरी काढायच्या प्रोग्रामला दोघे कशाला? तो एकट्याने लिहू द्या. फाइल हँडलिंग, रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन), डेटाबेसमधल्या तीन टेबलांचा जॉइन अशा ठिकाणी जोडी लावा. १०० पैकी ७० गुण जोडीला आणि ३० शेवटच्या १५ मिनिटांतल्या बदलाला व व्हायवाला (तोंडी परीक्षेला) ठेवा. व्हायवात ज्या भागाचा ड्रायव्हर एक होता, तो भाग दुसऱ्याला विचारा. असं होणार हे आधीच कळलं की जर्नल उतरवणं आपोआप थांबतं.

जोडीदार आलाच नाही तर

एकट्याला शेजारच्या जोडीत तिसरा म्हणून बसवा: एक ड्रायव्हर, दोन नेव्हिगेटर, फेरी १० मिनिटांची. दर बदलाला फाइल सेव्ह करून गिटवर (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) टाकण्याची सवय लावा. लाइट गेली तर एकाच फेरीचं काम जाईल, आणि गैरहजर राहिलेल्याला पुढच्या तासाला कोड कुठपर्यंत आलाय ते समजेल.