बोट तरंगेल हो, पण तुमचं काय? फोमचा भरवसा किती धरायचा

"आपल्या बोटीत फोम भरलाय, ती बुडतच नाही" असं सांगणारे तळ्यावर हमखास भेटतात. ते खोटं बोलत नसतात, पण अर्धंच सांगतात. १९६१ मध्ये लाइफ मासिकात बोस्टन व्हेलर बोटीचे फोटो आले होते, बोट पाण्यातच करवतीने मधोमध कापतायत आणि माणूस आत निवांत बसलाय, तेव्हापासून 'न बुडणारी बोट' हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. आता न बुडणारी म्हणजे काय, तर बोट तळाला जाणार नाही एवढंच. ती काठोकाठ पाण्याने भरू शकते, पालथी होऊ शकते, आणि तुम्ही छातीभर पाण्यात बसलेले असू शकता, हे सगळं 'बुडाली नाही' यातच धरलेलं असतं.

अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान, आउटबोर्ड इंजिनाच्या (म्हणजे इंजिन मागे बाहेर टांगलेल्या) बहुतेक बोटींना कायद्याने असा फोम लागतो की पाण्याने भरलेली बोट साधारण सपाट तरंगली पाहिजे. पण त्याची चाचणी शांत गोड्या पाण्यात होते, लाटा नाहीत, वारा नाही, आणि माणसांचं पूर्ण वजनही धरत नाहीत कारण माणसं अर्धी पाण्यात असणार हे गृहीतच आहे. म्हणजे कायदा स्वतःच सांगतोय की तुम्ही भिजणार. इनबोर्ड, म्हणजे इंजिन आत असलेल्या बोटींना तर त्याहून कमी लागतं, कुठलं तरी एक टोक वर राहिलं की झालं. कयाक, कनू, फुगवायच्या बोटी या नियमातच नाहीत. जुनी किंवा घरी बनवलेली बोट असेल तर मग विचारूच नका, हिशोब स्वतःच करायचा.

हिशोब तसा सोपा आहे. एक लिटर चांगला फोम पाण्याखाली दाबला की तो साधारण ९७० ग्रॅम वजन उचलून धरतो, म्हणजे ढोबळमानाने एका लिटरला एक किलो. दुसरी बाजू अशी की वस्तू पाण्याखाली गेली की तिचं वजन कमी भरतं. अॅल्युमिनियम मूळ वजनाच्या ६३ टक्केच भरतं, फायबरग्लास साधारण एक तृतीयांश, लोखंड ८७ टक्क्यांच्या आसपास. लाकूड बहुतेक वेळा स्वतःच तरंगतं. आता समजा १२० किलोची अॅल्युमिनियमची बोट आहे, तिचे झाले ७५. इंजिनाचे ४५ धरा, बॅटरी आणि नांगर मिळून २०. तीन माणसं कंबरभर पाण्यात बसली तर प्रत्येकाचे ३५ च्या आसपास, म्हणजे अजून १०५. बेरीज २४५, म्हणजे अडीचशे लिटर फोम हवा, आणि तो अगदी काठावरचा आकडा झाला. सव्वा मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच उंच असा बाक पूर्ण फोमने भरला तर त्यात जेमतेम ११० लिटर बसतो. तुमच्या बोटीत असे बाक किती आहेत ते मोजा, मग त्या 'बुडतच नाही'वाल्याशी बोला.

फोम किती यापेक्षा तो कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं आहे आणि इथेच बहुतेक जण फसतात. सगळा फोम फळीखाली तळाशी कोंबलेला असेल तर बोट भरल्यावर तो खालून वर ढकलतो आणि बोट सरळ पालथी होते, मग ती उलटी मस्त तरंगत राहते, कोणाच्या कामाची नाही. फोम वरच्या काठाला लागून, दोन्ही बाजूंना हवा, आणि मागे इंजिनाजवळ भरपूर हवा. मागे कमी असेल तर बोट उभी राहते, इंजिन खाली आणि पुढचं टोक तेवढं वर, धरायला एक कोपरा आणि माणसं चार. जुन्या हलक्या इंजिनाच्या जागी नवं जड फोर-स्ट्रोक बसवलं असेल तर फोम मात्र जुन्या इंजिनाच्या हिशोबाचाच आहे, हे विसरू नका.

आणि फोम म्हातारा होतो. वर्षानुवर्षं ओल बसली की त्यात पाणी शिरतं, गोठणाऱ्या थंडीत तर तो आतून फुटत जातो. ३० लिटर पाणी शिरलं तर ३० किलो उचलायची ताकद गेली, शिवाय तेवढंच वजन तुम्ही रोज उगाच घेऊन फिरताय, बोट तेवढी खाली बसतेय. बोट कोरडी करून काट्यावर घाला, कंपनीने लिहिलेल्या वजनापेक्षा बरीच जास्त भरली तर शंका घ्या, कुठून तरी छोटं भोक पाडून चिमूटभर फोम काढून पिळून बघा. नवीन घालायचा तर बंद पेशींचा घाला, म्हणजे ज्यात पाणी शिरत नाही असा, स्पंजसारखा नको. पांढरा थर्माकोल स्वस्तात मिळतो खरा पण पेट्रोल लागलं की विरघळतो, त्यामुळे टाकीजवळ अजिबात नको. रिकामे डबे, बाटल्या चालतात, फक्त नीट बांधून ठेवा, सुटे असले तर पाणी भरताच ते बोट सोडून स्वतःच निघून जातात. झाकण लावलेल्या हवेच्या कप्प्यावर मात्र मी भरवसा ठेवणार नाही, एक चीर गेली की तो कप्पा म्हणजे पाण्याची टाकी.

खरी परीक्षा एकच, बोट मुद्दाम भरून बघणं. दिवस उबदार असावा, पाणी कमरेएवढं, वारा नाही, सोबत चार माणसं, सगळ्यांना लाईफ जॅकेट. इंजिन, बॅटरी, टाकी काढून घ्या आणि इंजिनाच्या जागी वजन बांधा. ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढायच्या भोकाचं बूच, काढा, भरू द्या. मग आत बसा, सगळे एका बाजूला सरका आणि काय होतं ते बघा. पाच मिनिटांत जे कळतं ते कागदावर कळत नाही.

आता पाणी आत येतं कुठून? सगळ्यात जास्त वेळा खूप साध्या ठिकाणाहून, ड्रेन प्लग लावायचाच राहिला. अडीच सेंटीमीटरचं भोक पाण्याखाली वीसेक सेंटीमीटरवर असेल तर मिनिटाला ३५ लिटरच्या आसपास पाणी आत येतं, म्हणजे दहा मिनिटांत साडेतीनशे किलो. ताशी १९०० लिटर लिहिलेला बिल्ज पंप (बोटीतलं पाणी बाहेर फेकणारा) म्हणजे मिनिटाला ३२ आणि तेही कागदावर, पाइपातून वर चढवताना अजून कमी. गंमत म्हणजे वेगात असताना हे कळतही नाही, थांबलात की मागे पाणी साचायला लागतं. बोट उचलत नसेल, नाक वर करून रखडत चालली असेल, वळताना सुस्त वाटत असेल तर थांबायच्या आधी फळीखाली नजर टाका.

दुसरी जागा म्हणजे मागचा काठ. तो ठेंगणा असतो आणि त्याच्यावरच इंजिनाचं वजन, त्यात दोघं जण पंख्यात अडकलेली दोरी काढायला मागे वाकले की काठ पाण्याला टेकतो. वेगात येऊन एकदम थांबू नका, आपलीच लाट मागून आत येते. नांगर नेहमी पुढून, मागून कधीच नाही. २००९ मध्ये फ्लोरिडाजवळ मेक्सिकोच्या आखातात चार जण मासेमारीला गेले होते, अडकलेला नांगर मागून बांधून इंजिनाने ओढायला गेले आणि बोट उलटली. ती बुडाली नाही, तरंगतच राहिली. चारातला एकच वाचला, बाकीचे थंडीने गेले. ते समुद्रात झालं, पण तळ्यात नांगर अडकल्यावर वेगळं काही होत नाही, दोरी कापा आणि निघा.

भरायला लागलीच तर पहिलं काम लाईफ जॅकेट, मग बाकी सगळं. सगळ्यांनी खाली बसायचं, उभं कोणी राहायचं नाही, कारण आत हिंदकळणारं पाणी ज्या बाजूला झुकाल त्याच बाजूला धावतं आणि बोट घेऊन पडतं. वजन मधे आणा, भोक असेल तर कापड कोंबा, जड वस्तू फेका, मासेही फेका, आणि जवळच्या उथळ काठाकडे तोंड करा. फोन करायचा तो आत्ताच, पाण्यात पडल्यावर नाही, म्हणून फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये अंगावरच हवा, शिट्टीही.

भरलीच तर इंजिन बंद, दोन्ही बाजूंना समान वाटून बसा किंवा धरा. उलटली तर बोटीच्या वर आलेल्या तळावर चढा, शरीर जितकं पाण्याबाहेर तितकं बरं. पोहत काठाला जायचा मोह होतो, काठ जवळ दिसतो पण असतो लांब, आणि शोधणाऱ्याला डोकं दिसत नाही, बोट दिसते. पाणी खूप थंड असेल तर १-१०-१ लक्षात ठेवा, पहिलं एक मिनिट श्वास आवरायला, पुढची दहा मिनिटं हातपाय नीट चालतात तोवर वर चढायला किंवा स्वतःला बांधून घ्यायला, आणि शुद्ध जायला साधारण एक तास. त्या दहा मिनिटांत जॅकेट शोधत बसलात तर बांधायचं काम राहूनच जातं.

मदत आली की माणसं आधी, बोट नंतर. भरलेली बोट ओढायची तर पुढच्या खालच्या कडीला दोरी लावून अगदी हळू, आत कोणी नाही. काठावर आणल्यावर प्लग काढून पाणी सगळं निघू द्या, इंजिन तसंच चालू करायला जाऊ नका, आधी मेकॅनिकला दाखवा. आणि बोट पूर्ण वाळल्यावर परत एकदा वजन करा, फोमने या भानगडीत किती पाणी प्यायलं ते तेव्हा कळेल.