पट्ट्यांच्या तरंगवाद्यासाठी ट्यूनर घेताना

मुलांना वाजवायला म्हणून मी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं तरंगवाद्य करायला घेतलं, तेव्हा पहिल्या आठांपैकी पाच पट्ट्या भंगारात गेल्या. पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेला माल चांगला होता, कानस नवी होती. वर्षभर तबला शिकलेली असल्यामुळे सूर जुळवणं म्हणजे काय हेही माहीत होतं. चूक ट्यूनर, म्हणजे सूर कोणता ते दाखवणारं यंत्र, निवडताना झाली आणि ती लक्षात यायला तीन आठवडे लागले. तुमचे तरी ते वाचावेत.

पहिला ट्यूनर साडेतीनशे रुपयांचा, चिमट्याचा. गिटारच्या डोक्याला लावतात तो. दुकानदार म्हणाला, "ह्यात सगळं लागतं." पट्टीसाठी चिमटा घेऊ नका. पट्टीच्या टोकाला लावला की तो तिचं कंपनच दाबून टाकतो. दर टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर पट्टी जवळपास स्थिर असते, तिथे लावला तर त्याला फारसं काही कळत नाही. माइक असलेला, क्रोमॅटिक, म्हणजे बाराही सूर दाखवणारा ट्यूनर घ्या. फक्त गिटारच्या सहा तारा ओळखणारे स्वस्तात मिळतात, ते आपल्या कामाचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट. मला पांढरी एकचा (पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) सा हवा होता, ५२३ हर्ट्झचा. ६ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमला त्यासाठी साधारण २४.५ सेंटिमीटर लांबी लागते. तेवढी पट्टी कापली, टोकाजवळ लाकडी कांडीने वाजवली, तर ट्यूनरचा काटा पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधे थरथरत राहिला. मला वाटलं, लांबीचा हिशोबच चुकला. मग नवी पट्टी घेऊन थोडी थोडी कापत गेले, आणि २८.७ सेंटिमीटरला दिवा हिरवा झाला, पांढरी एक! पेटीशेजारी ठेवून वाजवली तर ती काळी तीनच्याही थोडी वर, कुठेच न बसणारी. पुढच्या लांब पट्ट्यांचंही असंच झालं. आखूड पट्ट्या मात्र बरोबर लागल्या, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

कारण असं आहे. तबल्यावरच्या शाईमुळे त्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उठणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्ण पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हेच दाखवून दिलं होतं. म्हणून ट्यूनरला तबला बऱ्यापैकी कळतो. सारख्या जाडीच्या पट्टीचं तसं नसतं. तिचा पहिला उपस्वर मूळ स्वराच्या २.७६ पट, दुसरा ५.४ पट. २.७६ पट म्हणजे वरच्या सप्तकातल्या शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या अधेमधे. माझा ट्यूनर लांब पट्ट्यांचा हा उपस्वर पकडत होता आणि आखूड पट्ट्यांचा मूळ स्वर. सप्तक तो दाखवतच नव्हता, त्यामुळे मला काही कळायला मार्ग नव्हता. म्हणून सांगते, सप्तक किंवा हर्ट्झमधला आकडा न दाखवणारा ट्यूनर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. बाकी सगळ्यात तडजोड चालेल, यात नाही.

यावर उपाय मात्र फुकटात होतो. २४.५ सेंटिमीटरच्या पट्टीखाली दोन्ही टोकांपासून साडेपाच सेंटिमीटरवर फोमचे तुकडे ठेवा आणि बरोबर मध्यावर रबरी गोळ्याच्या कांडीने हलकेच वाजवा. पहिल्या उपस्वरासाठी मध्यबिंदू स्थिर असतो, त्यामुळे तिथे आघात केला की तो उपस्वर उठतच नाही. ठोका पडल्यावर क्षणभर थांबा, काटा स्थिरावल्यावर वाचा. शंका वाटली तर फोनवर फायफॉक्स किंवा संगणकावर ऑडॅसिटी उघडून स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कोणकोणते स्वर आहेत त्याचा आलेख, पाहा, दोन्ही मोफत आहेत. मूळ स्वर आणि उपस्वर दोन वेगळी शिखरं म्हणून दिसतात. तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला अक्षरशः रडू आलं, कारण कान खराब नाहीत हे त्या दिवशी कळलं.

"यंत्र कशाला, कानाने लाव," असं सांगणारे जाणकार भेटतील. त्यांचा कान तीस वर्षांचा असतो, आपला नसतो. पण जो जाणकार तुमच्या हातातली कानस काढून स्वतः घासायला लागतो, त्याच्याकडून काही शिकता येत नाही, हे माझं ठाम मत. लांबीचे तयार तक्ते मिळतात, तेही आंधळेपणाने वापरू नका. तुमच्या पट्टीची जाडी थोडी जरी वेगळी असली तरी सूर सरकतो. २४.५ सेंटिमीटरला एक मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे १४ सेंट (पेटीवरच्या दोन लगतच्या सुरांमधलं अंतर शंभर सेंट असतं). दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवून कापा, मग टोक घासून चढवा. चढा झाला तर घाबरू नका, पोटाखालून मध्यावर घासलं की उतरतो. मारिंबा हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य करणारे तर तिथेच कोरून उपस्वर बरोबर चौपट करून घेतात. घासल्यावर पट्टी गार होऊ द्या. गरम पट्टी उतरलेली दाखवते, तुम्ही आणखी घासता, आणि गार झाल्यावर ती चढलेली निघते.

मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी बंदुकीच्या नळ्यांचं नलतरंग घडवलं होतं. धातू अवघड आहे, पण ऐकतो.

दुकानात जाताना एक कापलेली पट्टी, फोम आणि रबरी कांडी घेऊन जा आणि तिथेच वाजवून पाहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

एक गोष्ट मात्र घासण्याआधीच ठरवून टाका. ट्यूनरचा शून्य हा पेटीचा सूर असतो. तानपुऱ्यासोबत वाजवणार असाल तर शुद्ध गंधार त्या शून्यापेक्षा १४ सेंट उतरा हवा. माझ्याकडे मुलांच्या साथीला पेटी असते, म्हणून मी तो पेटीलाच मिळवला.